फ्रिंज रोख देण्याआधी हिशोब कर

पहिलं सरकारी काम धरतोयस, छान. आधी टेंडरला जोडलेला वेज डिटर्मिनेशनचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मजुरी दरांचा, कागद नीट वाच. अमेरिकेत सरकारी बांधकामावरच्या मजुरीच्या डेव्हिस-बेकन कायद्याखाली त्यात प्रत्येक कामाचे दोन आकडे असतात, मूळ दर आणि फ्रिंज, म्हणजे विमा-पेन्शनसारख्या लाभांची रक्कम. समजा सुताराला तासाला ४० आणि २० डॉलर. ते २० रोख दिलेस तरी चालतं, पण तुझ्या वाट्याचा ७.६५ टक्के पेरोल टॅक्स लागतो, म्हणजे तासाला १.५३ डॉलर जास्त. तेच आरोग्य विम्यात किंवा पेन्शनमध्ये रीतसर भरलेस तर हा भार वाचतो, माणसालाही आधार होतो.

ओव्हरटाइमला दीडपट फक्त मूळ दराची: ६० अधिक २०, एकूण ८०. मी पहिल्या टेंडरला फ्रिंजचीही दीडपट धरली, ९० लावले, आणि काम हातचं गेलं.

फ्रिंजच्या २० मधून विमा वजा धरताना मात्र फार सांभाळ. वर्षाचा हप्ता ६,००० डॉलर असेल तर वर्षाच्या सगळ्या २,००० तासांनी भाग, खासगी कामाचे तासही धरून. तासाला ३ डॉलरच वजा होतात, उरलेले १७ द्यायचेच. नुसत्या सरकारी तासांनी भागलंस तर त्या सुताराच्या घरचे पैसे बुडतात. दर आठवड्याच्या सर्टिफाइड पेरोलवर, म्हणजे मजुरी नियमाप्रमाणे दिल्याची खात्री देणाऱ्या पगारपत्रकावर, सही करण्याआधी एवढं तपासच.