डावे आणि उजवे एकाच सरकारात कसे काय?

प्रश्न: ताई, मुलगा जर्मनीत असतो, फोनवर तिकडच्या उजव्या पार्ट्यांचं टेन्शन सांगत असतो. पण मधेच कुठेतरी डावेही जिंकतात म्हणे. मग युरोपातले लोक नक्की कुठे चाललेत? – एक वाचक, सांगली

उत्तर: काका, खरं सांगू का, यातल्या बऱ्याच जणांना डावीउजवीकडे कुठेच जायचं नसतं, आहेत त्यांना एकदा घरी बसवायचं असतं.

ग्रीसचंच बघा ना. तिथे वर्षानुवर्षं दोनच पार्ट्या आलटून पालटून, मध्यम डावी पासोक आणि मध्यम उजवी न्यू डेमोक्रसी. 2010 मध्ये देश कर्जात बुडाला, युरोप आणि आयएमएफने (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने) पैसे दिले पण अटी घालून, म्हणजे पगार कापा, पेन्शन कापा, टॅक्स वाढवा. आणि मग हे दोन्ही जुने वैरी एकाच सरकारात जाऊन बसले! आता चिडलेल्या माणसाने मत द्यायचं कुणाला? पासोकला 2009 मध्ये जवळजवळ 44 टक्के मतं होती, जानेवारी 2015 मध्ये पाचसुद्धा नाहीत. डावी सिरिझा साडेचारवरून 36 वर गेली, आणि त्याच रागावर गोल्डन डॉन नावाची नाझी वळणाची पार्टी तिसरी आली.

पुढची गंमत म्हणजे सिरिझाला बहुमताला दोन जागा कमी पडल्या तर तिचे नेते सिप्रास यांनी हात मिळवला तो अनेल या कट्टर राष्ट्रवादी उजव्या पार्टीशी. चर्चवर, स्थलांतरितांवर दोघांचं अजिबात पटत नव्हतं, पटत होतं ते एवढंच की या कर्जाच्या अटी नकोत. जुलैत या अटींवर सार्वमत घेतलं, बँका बंद, एटीएममधून दिवसाला 60 युरो, तरी 61 टक्के लोक ‘नाही’ म्हणाले, आणि आठवड्याभरात सिप्रास यांनी अटी मान्य करून टाकल्या. तरी सप्टेंबरात तेच परत निवडून आले, कारण जुन्यांना परत आणायची लोकांची तयारीच नव्हती.

म्हणून दोन्ही टोकं सारखीच, असं मात्र मी म्हणणार नाही हं. सिरिझा पुढे निवडणूक हरल्यावर गपचूप खुर्ची सोडून गेली, गोल्डन डॉनला 2020 मध्ये कोर्टाने गुन्हेगारी संघटना ठरवलं.

आता तुमच्या मुलाचं जर्मनी. तिथली उजवी पार्टी एएफडी 2013 मध्ये निघाली ती युरोला आणि ग्रीसला पैसे द्यायला विरोध म्हणून, त्यात प्रोफेसर मंडळी बरीच, निर्वासितांचा मुद्दा मुख्य झाला तो 2015 नंतर. फेब्रुवारी 2025 मध्ये तिला 20.8 टक्के मिळाले, आणि त्याच निवडणुकीत डावी डी लिंकेही जवळपास 9 टक्क्यांवर गेली. एएफडीला सोबत घ्यायचं नाही असं बाकीच्यांचं ठरलंय, त्यामुळे मध्यम उजवी सीडीयू आणि मध्यम डावी एसपीडी हे जुने प्रतिस्पर्धी पुन्हा एकाच सरकारात बसले, आणि विरोधी बाकांवर सगळ्यात मोठी पार्टी कोण, तर एएफडी. मुलाचं टेन्शन अगदीच उगाच नाहीये, काका.