जिप्सीचं डिफरन्शियल उघडायला देण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरकडे वीसेक वर्षांची जिप्सी आहे. ४५-५० च्या पुढे खालून घुंईं असा आवाज येतो आणि अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की तो बदलतो. शिवाय पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना एकदा 'ठक्क' होतं. मेकॅनिक म्हणतो मागचं डिफरन्शियल (मागच्या अॅक्सलमधला, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरांचा संच) गेलं, क्राउन-पिनियन (त्यातली मुख्य दातेरी जोडी) बदला. बदलावं का?

आत्ता लगेच नको. हे दोन वेगळे आवाज आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी असू शकतात. सिंधुदुर्गात माझं बरंचसं आयुष्य गॅरेजात, जिप्सी आणि महिंद्राच्या फोर बाय फोर गाड्यांखाली गेलंय. चांगलं डिफरन्शियल उगाच उघडलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की राहवत नाही म्हणून सविस्तर लिहितोय. आवाज चेसिसमधून प्रवास करतो. ट्रान्सफरजवळचा (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या अॅक्सलकडे पाठवणाऱ्या डब्याजवळचा) आवाज सीटवर बसलेल्याला मागून आल्यासारखा वाटतो. म्हणून आवाज कुठून येतो यापेक्षा तो कधी येतो आणि कधी थांबतो, हे आधी धरायचं.

जिप्सीची रचना लक्षात घ्या. तिचा ट्रान्सफर गिअरबॉक्सला चिकटलेला नाही, वेगळा टांगलेला आहे. गिअरबॉक्सपासून ट्रान्सफरपर्यंत एक आखूड शाफ्ट, तिथून एक पुढच्या अॅक्सलला आणि एक मागच्या. तीन शाफ्ट, दोन्ही टोकांना क्रॉस (शाफ्टला कोनात फिरू देणारे सांधे), म्हणजे सहा क्रॉस. ट्रान्सफर स्वतः रबरी माउंटिंगवर बसतो. यातलं काहीही ढिलं झालं की ठक्क होणार. यातलं काहीच डिफरन्शियलच्या आत नाही, आणि क्रॉस किंवा माउंटिंग बदलणं सहसा क्राउन-पिनियनपेक्षा स्वस्त पडतं.

आता रस्त्यावर. सकाळी लवकर, रहदारी नसताना, शृंगारतळी-चिपळूण रस्त्यावरचा एखादा सपाट तुकडा बघा. आवाज येतो त्या वेगाला गाडी आणा आणि न्यूट्रल करा. इंजिन चालूच ठेवा, चावीला हात लावायचा नाही. आवाज तसाच राहून गाडीच्या वेगाबरोबर उतरत गेला, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे: ट्रान्सफर, शाफ्ट, डिफरन्शियल किंवा चाकं. न्यूट्रल करताच गेला, तर तो दोष ताण आल्यावरच बोलतो. मग उभ्या गाडीत क्लच दाबून-सोडून बघा. दाबल्यावर आवाज आला तर रिलीज बेरिंग, दाबल्यावर गेला तर गिअरबॉक्सचं इनपुट बेरिंग. हा तुमचा आवाज वाटत नाही, पण दोन मिनिटांत खात्री होते.

त्याच वेगात स्टिअरिंग किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे डोलवा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढला आणि दुसऱ्या बाजूला कमी झाला, तर डाव्या बाजूचं व्हील बेरिंग. स्टिअरिंगने काहीच फरक पडत नसेल आणि पायाने पडत असेल, तर पिनियनकडे संशय जातो. इथे एक सांगून ठेवतो: जिप्सीच्या ट्रान्सफरचा थोडा गुणगुणाट मुळातच असतो. नवी असतानाही होता. त्याला दोष समजून पैसे घालवू नका. टायरही बघा. मागचे टायर करवतीसारखे झिजले असतील तर डांबरावर हुबेहूब बेरिंगसारखा आवाज करतात. पुढचे-मागचे टायर अदलाबदल केले की आवाज जागा बदलतो आणि प्रश्न तिथेच मिटतो.

आता माझी सगळ्यात आवडती चाचणी. खिडक्या उघड्या ठेवून जांभ्या चिऱ्याच्या गडग्याला लागून गाडी पहिल्या गिअरमध्ये अगदी चालण्याच्या वेगाने न्या. भिंतीवर आपटून आवाज परत येतो आणि एरवी न ऐकू येणारी टकटक, चिंचिं स्पष्ट होते. टायरवर खडूने एक रेघ मारा आणि गाडीच्या बाजूने एका माणसाला चालायला सांगा. रेघ एकदा फिरून येताना आवाज एकदाच आला, तर तो चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूचा: हब, ब्रेक ड्रम, अॅक्सल. साधारण चारदा आला तर शाफ्टचा, कारण चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे जवळपास चार फेरे होतात. पाखरासारखा चिवचिवाट त्याच लयीत आला, तर क्रॉस कोरडा पडलाय असंच समजा.

मग गाडीखाली जा. सपाट जागा, चाकांच्या पुढे-मागे दगड, गाडी न्यूट्रल, इंजिन बंद. एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्या हाताने फ्लँज (शाफ्ट जिला बोल्टने जोडलेला असतो ती तबकडी) धरून उलटसुलट पिळा. दोन्ही एकत्रच हलले पाहिजेत. मध्ये जरासाही प्ले (ढिलेपणा) लागला तर क्रॉस गेला. क्रॉसच्या टोपीच्या कडेला विटकरी रंगाची कोरडी पूड दिसते का बघा. ती आतल्या सुयांची (बेरिंगच्या बारीक रोलरची) झीज असते. असा क्रॉस काढून त्याच्या दांड्यावर नख फिरवलं तर सुयांनी पाडलेल्या खाचा एकेक करून लागतात.

आपल्याकडे हे लवकर होतं. गाडी दाभोळ-धोपावे फेरीबोटीने नेत असाल, तर ओहोटीला रॅम्पवर चढताना खालून खारं पाणी उडतं, आणि पावसाळ्यात पऱ्या (ओढा) ओलांडताना आख्खा शाफ्ट भिजतो. ग्रीस मारताना क्रॉसच्या चारही टोप्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन दाबा. तीनांतून आलं आणि चौथीतून नाही, तर ती टोपी कोरडीच राहिली. शाफ्टच्या सरकत्या जोडालाही ग्रीस हवं, तो सुकला की थांबताना आणि सुटताना ठक्क होतं. हा जोड कुणी सोडवला असेल तर एक गोष्ट आवर्जून तपासा: शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुशाखी भाग) एका रेषेत आहेत का. जोड परत बसवताना खाच चुकली की शाफ्ट थरथरतो आणि माणसं बॅलन्सिंगवर खर्च करत बसतात. सोडवण्याआधी रंगाची एक खूण केली की हा घोळ होत नाही.

ट्रान्सफरची माउंटिंगं एका सहायकाच्या मदतीने बघा. ब्रेक दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभं राहून ट्रान्सफर किती उसळतो ते पाहा. गाडीसमोर किंवा खाली अजिबात नको.

पुढचा भाग वेगळा काढायचा असेल तर टू व्हील ड्राइव्हमध्ये फ्री व्हील हब (पुढची चाकं अॅक्सलपासून सोडवणारे हब) मोकळे करून चालवा. आवाज गेला तर मागचं डिफरन्शियल निर्दोष सुटलं. असे हब नसतील तर पुढचा शाफ्ट सोडवून चालवून बघा. मागचा शाफ्ट मात्र सहज म्हणून काढू नका. ज्या गाड्यांचा हँडब्रेक ट्रान्सफरच्या मागे असतो, तिथे शाफ्ट सुटला की हँडब्रेकही गेला. आणि ही कुठलीच चाचणी डांबरावर फोर व्हील लावून करू नका. पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या मधोमध तिसरं डिफरन्शियल नसल्यामुळे वळणावर सगळं आवळतं, कण्हतं, लिव्हर अडकतो, आणि जो आवाज नव्हता तोही सुरू होतो. त्यासाठी मातीची वाट किंवा सड्यावरची सुटी खडी शोधा.

यानंतरही बोट मागच्या डिफरन्शियलकडेच राहिलं तर आधी तेल बघा. भरायचा बोल्ट आधी सोडवा, तळाचा नंतर. वरचा जाम असेल तर तेल काढून बसाल आणि भरता येणार नाही. दुधाळ कॉफीच्या रंगाचं तेल म्हणजे पाणी शिरलंय. गरम अॅक्सल पऱ्याच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (अॅक्सलमध्ये हवा आत-बाहेर होऊ देणारं छिद्र) तुंबलेला असेल तर ऑईल सीलमधून पाणी ओढून घेते. बोल्टवर करडी, मऊ पेस्ट चालते, झीज म्हणून ती येतेच. चमकणाऱ्या कपच्या किंवा दाताचा तुकडा आला तर मात्र उघडायलाच हवं. डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. गिअरबॉक्सचं वेगळं असू शकतं, मॅन्युअल बघून घाला.

उघडलंच तर क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलायचे, एकटा पिनियन नाही. बसवल्यावर दातांवर रंग लावून पट्टा कुठे उमटतो ते मेकॅनिकने तुम्हाला दाखवलं पाहिजे. 'अंदाजाने बसवलंय' म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, ती सांगा: घुंईं आवाज सुरू होण्याआधी मागच्या पिनियनचं ऑईल सील बदललं होतं का? पिनियनच्या नटावरच आतल्या बेरिंगचा ताण ठरतो. सील बदलून नट जोर लावून आवळला गेला, तर चांगलं डिफरन्शियलसुद्धा घुंईं करायला लागतं आणि बेरिंग तापतं. वीसेक किलोमीटर चालवून पिनियनच्या नाकाला (डिफरन्शियलचा शाफ्ट जोडला जातो तो पुढचा भाग) बेताने हात लावून बघा. हात टेकवत नसेल तर गाडी तिथेच थांबवा आणि सील कुणी, कधी बदललं ते इथे लिहा.