रायचा पाव आतून चिकट का राहतो?

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपासून स्टुटगार्टला राहतो. येथे मिळतो तसा रायचा (राय म्हणजे rye, गव्हासारखे एक धान्य) पाव घरी करावा, म्हणून मी टाइप ११५०चे ५०० ग्रॅम रायचे पीठ, यीस्टची पुडी आणि कोमट पाणी घेऊन पंधरा मिनिटे मळले. गोळा शेवटपर्यंत हाताला चिकटत राहिला आणि भाजल्यावर लगेच कापलेला पाव आतून ओला निघाला. त्यात ब्राटवुर्स्ट, म्हणजे भाजून खायचे जर्मन सॉसेज, घालून सँडविच करायचे होते, पण सॉसेजही तव्यावर फुटले. माझे काय चुकले? – एक वाचक

उत्तर : आपण कष्टात कमी पडला नाहीत, फक्त रायला गव्हाप्रमाणे वागवलेत. गव्हाची कणीक मळताना ग्लुटेनची जाळी बनते. रायमध्ये ती जवळजवळ बनतच नाही. तेथे पाणी धरून ठेवण्याचे काम पेंटोसन नावाचे चिकट घटक करतात. म्हणून रायचे पीठ पोळीच्या कणकेपेक्षा भाकरीच्या पिठाला जवळचे आहे आणि ते कितीही मळले तरी लवचिक होत नाही. मात्र मुख्य अडचण भट्टीत येते. रायमधील अमायलेज हे विकर (एन्झाइम) भाजताना पिठातील स्टार्च तोडत राहते आणि पाव आतून गिच्च राहतो. या विकराला आंबटपणाच लगाम घालतो. जर्मन बेकर रायसाठी झाउअरटाइग, म्हणजे आंबवलेले पीठ, वापरतात ते केवळ चवीसाठी नव्हे. निव्वळ यीस्टने पीठ फुगते, पण पुरेसे आंबट होत नाही.

पहिल्यांदा संपूर्ण रायचा पाव करू नका. जर्मनीत ‘रोगनब्रोट’ म्हणवण्यासाठी पिठात किमान ९० टक्के राय लागते, आणि तो नवशिक्यासाठी कठीण पाव आहे. त्याऐवजी ३०० ग्रॅम राय आणि टाइप १०५०चे २०० ग्रॅम गव्हाचे पीठ घ्या. (हे आकडे १०० ग्रॅम कोरड्या पिठात किती मिलिग्रॅम खनिजे आहेत ते सांगतात; आकडा मोठा तितके पीठ गडद.) आदल्या संध्याकाळी रायपैकी १५० ग्रॅम पीठ, तेवढेच पाणी आणि विरजण म्हणून १५ ग्रॅम तयार झाउअरटाइग कालवून उबदार जागी १४ ते १६ तास ठेवा. त्यातून पुढच्या वेळेसाठी चमचाभर काढून ठेवायला विसरू नका. सकाळी उरलेली पिठे, १० ग्रॅम मीठ आणि सुमारे २०० ग्रॅम पाणी घालून पाच-सहा मिनिटे फक्त एकजीव करा. पीठ फुगून वर आले की पहिली दहा मिनिटे २५० अंशांवर आणि मग २०० अंशांवर, असा एकूण तासाभराच्या आत पाव भाजून होतो. मध्यभागी ९७ अंश तापमान भरले की बाहेर काढा. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत सुरी लावू नका. गार होतानाच आतील ओलावा सर्वत्र सारखा होतो आणि गर बसतो, म्हणून नीट भाजलेला रायचा पावही गरम कापला तर चिकटच दिसतो. हा धीर धरणे मलाही जड जाते, पण त्याला पर्याय नाही.

सॉसेज फुटते ते आच मोठी असल्यामुळे: आतील पाण्याची वाफ होते आणि त्याच वेळी वरचे आवरण आकसते. कच्चे ब्राटवुर्स्ट आधी ७० ते ७५ अंशांच्या, म्हणजे उकळी न फुटलेल्या, पाण्यात पंधरा मिनिटे ठेवून, कोरडे पुसून मध्यम आचेवर परता. काट्याने टोचू नका; रस वाहून जातो.

आणि या सँडविचसाठी रायचा पाव मुळीच वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. त्याचा दाट, आंबट गर सॉसेजची चव झाकतो; तो पातळ कापून लोणी आणि लेबरवुर्स्ट, म्हणजे यकृताचे सॉसेज, यांसोबत खावा. थुरिंगिया या जर्मन राज्यात, जेथील आर्नश्टाट गावच्या १४०४ सालच्या हिशेबात ब्राटवुर्स्टची नोंद सापडते, लांब सॉसेज पांढऱ्या, कुरकुरीत कवचाच्या छोट्या पावात ठेवतात. दोन्ही टोके बाहेर राहतात आणि वर फक्त मोहरीचा सॉस असतो. न्यूर्नबर्गचे सॉसेज जेमतेम सात ते नऊ सेंटिमीटरचे, म्हणून तेथे एका पावात तीन घालतात. आपल्या गल्लीतील बेकरीत असा पाव हवा असेल, तर आपल्या भागातील श्वाबियन लोक म्हणतात तसे ‘वेक्ले’ मागा.