डबलसीट प्रवासाची भीती: मागच्या सीटवरून थोडं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लग्नाला आठ महिने झालेत, नवी साडेतीनशे सीसी मोटारसायकल घेतली आहे आणि येत्या रविवारी बायकोला घेऊन साताऱ्याहून महाबळेश्वरला जायचंय. पण ती गावातसुद्धा मागे बसली की ताठ होते, वळणावर उलट्या बाजूला झुकते आणि घरी आल्यावर डोकं धरून बसते. तिची भीती कशी घालवू, असं विचारलंय. आतापर्यंतची सगळी उत्तरं गाडी चालवणाऱ्यांची आहेत. मी २२ वर्षं मागे बसते आहे आणि पहिली दोन वर्षं तुमच्या बायकोइतकीच घाबरत होते, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

मागून जवळजवळ काहीच दिसत नाही. समोर फक्त तुमचं हेल्मेट. खड्डा तुम्हाला दिसतो, तिला तो थेट कमरेत कळतो. ब्रेक लागणार हे तुमच्या बोटांना आधी माहीत असतं, तिला ते तुमच्या हेल्मेटवर डोकं आपटल्यावर समजतं. हातात ना हँडल, ना ब्रेक. अशा माणसाने घाबरू नये तर काय करावं? तेव्हा तिला धीर देण्याच्या भानगडीत पडू नका. पुढे काय होणार हे तिला आधी कळू द्या, आणि गाडी थांबवायचा हक्क तिच्या हातात द्या. बाकी सगळं यातूनच येतं.

आमच्या लग्नाला वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला निघालो होतो. वळणाच्या तोंडावर नवऱ्याने एसटीला ओव्हरटेक करायला घेतलं. मी ‘हळू, हळू’ म्हणत होते आणि तो म्हणाला, ‘काही होत नाही, मी आहे ना.’ मी डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की गाडी कुठे कलते आहे ते कळत नाही, त्यामुळे अंग भलतीकडेच गेलं आणि गाडी वळणात बाहेर फेकल्यासारखी झाली. पडलो नाही, पण नंतर सहा महिने मी गाडीवर बसले नाही. पुढे एकदा नवऱ्याला मित्राच्या मागे बसून कोरेगावला जाऊन यावं लागलं. घरी आल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते ‘माझी चूक होती’ हे. तुम्हीही या आठवड्यात कुणाच्या तरी मागे अर्धा तास बसून या. माझ्या या अख्ख्या उत्तरापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. आणि ‘काही होत नाही’ हे वाक्य कायमचं सोडा. ते ऐकलं की मागच्या माणसाला एवढंच कळतं की आपलं म्हणणं पुढे पोचत नाहीये.

त्यानंतर आम्ही खुणा ठरवल्या, त्या आजही चालतात. खांद्यावर एक थाप म्हणजे वेग कमी कर. दोन थापा म्हणजे जागा बघून थांब. कारण विचारायचं नाही, थांबल्यावरही नाही. पहिल्या महिन्यात मी कितीतरी वेळा दोन थापा मारल्या असतील. तो दर वेळी थांबला, म्हणून पुढे त्या मारायची गरजच कमी होत गेली. नवऱ्याकडूनही खूण हवी. स्पीडब्रेकर किंवा खड्डा आला की तो डावा हात क्षणभर खाली दाखवतो. तेवढ्याने मी फूटरेस्टवर जोर देऊन अंग जरासं उचलते आणि दणका मणक्याऐवजी गुडघ्यांत जिरतो.

आता गाडी. दोघांच्या वजनाला मागच्या चाकात हवा जास्त लागते. किती, ते स्वारांच्या संख्येप्रमाणे गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत दिलेलं असतं. हवा चाक थंड असताना भरा. मागचे शॉकॲब्जॉर्बर बहुतेक गाड्यांत टप्प्याटप्प्याने कडक करता येतात, त्याचा आकड्यासारखा पाना टूलकिटमध्ये असतो. एकटे असतानाच्याच टप्प्यावर डबलसीट गेलात तर मागचा भाग खाली बसतो, प्रत्येक खड्ड्यात तिला दणका बसतो आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

हेल्मेट तिचं स्वतःचं घ्या, तिला सोबत नेऊन, आयएसआयचं आणि तोंड पूर्ण झाकणारं. पट्टा लावून मान हलवली तर हेल्मेटही डोक्याबरोबरच हललं पाहिजे. सैल हेल्मेटमध्ये वारा घोंघावतो, ते डोक्यावर वर-खाली होत राहतं आणि त्या आवाजानेच निम्मी भीती वाटते. तिचं डोकं दुखतं त्याचं कारण हेच असू शकेल. अंबाडा घातला तर हेल्मेट नीट बसत नाही, मानेशी सैल वेणी बरी. ओढणीची टोकं आत खोचून जॅकेटची चेन लावायची. साडी नेसून घाटात जायचं मी केव्हाच बंद केलं. एका बाजूला पाय सोडून बसलं की सगळं वजन डावीकडे जातं आणि ब्रेकच्या वेळी धरायला काही उरत नाही. दोन्हीकडे पाय टाकूनच बसायचं, चढायचं-उतरायचं डावीकडून, कारण उजवीकडे तापलेला सायलेन्सर असतो. तुमचे दोन्ही पाय जमिनीवर, पुढचा ब्रेक दाबलेला, आणि तुम्ही ‘बस’ म्हणाल तेव्हाच तिने चढायचं.

वळणाचं मला एका वयस्कर मेकॅनिककाकांनी सांगितलं: वळण उजवीकडे असेल तर उजव्या खांद्यावरून बघ, डावीकडे असेल तर डाव्या. एवढंच करायचं. अंग आपोआप गाडीबरोबर राहतं आणि रस्ताही दिसतो. ‘पोत्यासारखी बस’ असा सल्ला तिला कोणी दिला असेल तर तो विसरायला सांगा. तिला काम द्या, ती सोबतीला येईल. एक हात तुमच्या कमरेला, दुसरा मागच्या दांडीला, हे मला सगळ्यात स्थिर वाटतं. तुमच्याकडून हवं ते इतकंच: ब्रेक लवकर सुरू करा आणि हळू वाढवत न्या, गिअर बदलताना झटका नको, उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनवर गाडी धरा. तिचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटला टेकलं नाही तर समजा जमतंय. वेग ४५-५० पुरे.

आणखी एक, जे पुरुषांच्या उत्तरांत कधीच येत नाही: बाथरूम. वाटेत सोय नसेल या धास्तीने बाई सकाळपासून पाणी पीत नाही, मग उन्हात डोकं दुखतं, चक्कर येते आणि त्यालाच भीती म्हटलं जातं. कुठे थांबायचं ते निघण्यापूर्वी ठरवा: अमुक हॉटेल, अमुक पेट्रोलपंप. तिला तसं सांगून ठेवा. दर ३०-४० मिनिटांनी उतरा, तिने मागितलं नाही तरी.

रविवारचा महाबळेश्वरचा बेत मात्र रद्द करा. त्याऐवजी सकाळी सातला संगम माहुली. पाचेक किलोमीटर, घाट नाही. नदीकाठी पायऱ्यांवर बसा, परत येताना कंदी पेढे घ्या. पुढच्या वेळी सज्जनगड. मग यवतेश्वरच्या घाटाने कास, तेही आडवारी, कारण फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी तिथे गाड्यांच्या रांगा लागतात. हे तिन्ही नीट झाले आणि ‘आता कुठे जायचं’ असं तिने स्वतः विचारलं, की मेढा-केळघरमार्गे वर चढा. ऊसतोडीचे दिवस असतील तर अंधार पडायच्या आत परत या. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्यांशिवाय जात असतात.

तुमच्या बायकोला स्कूटर येते का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. येत नसेल तर शिकवा. मी ३१व्या वर्षी शिकले. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबते हे स्वतःच्या हाताने अनुभवल्यावर मागे बसूनही मला रस्ता वाचता यायला लागला. माहुलीहून आलात की तिला कसं वाटलं ते इथे लिहा, आणि जमलं तर तिलाच लिहायला सांगा.