इलेक्ट्रिक गिटारचा ऑनलाइन कोर्स: पैसे भरण्याआधी काय बघाल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्षभर अकूस्टिक वाजवलीत, ओपन कॉर्ड्स आणि स्ट्रमिंग जमतं, आता इलेक्ट्रिक घेतलीय. समोर तीन पर्याय आहेत: फुकटचे व्हिडिओ, वर्गणीची वेबसाइट आणि व्हिडिओ कॉलवर शिकवणारे एक सर. वेबसाइटची 'लाइफटाइम' ऑफर आज रात्री संपतेय म्हणून घाई आहे. शिवाय ग्रेडच्या परीक्षा द्याव्यात का, हेही विचारलंत.

आधी ऑफरचं. ती जाऊ द्या. अशा ऑफर थोड्याच दिवसांत नवं नाव घेऊन परत येतात, आणि लाइफटाइम म्हणजे फार तर ती वेबसाइट चालू असेपर्यंत. आज रात्री काहीच बिघडणार नाहीये.

आता मुद्द्याचं. कोर्स निवडताना बहुतेक जण धडे किती, गाणी किती, शिकवणारा किती जोरात वाजवतो हे बघतात. मी एवढंच बघतो: मी चुकीचं वाजवलं तर ते मला कळणार कसं? अकूस्टिकवर हा प्रश्न बराच काळ टाळता येतो. इलेक्ट्रिकवर येत नाही, कारण तिथे निम्मं काम तारा वाजवण्याचं आणि निम्मं काम नको त्या तारा गप्प ठेवण्याचं असतं.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण कोर्स पारखायची सगळ्यात चांगली जागा हीच आहे. समजा तुम्ही जी तारेवर सातव्या फ्रेटला (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) एकच सूर वाजवताय. क्लीन आवाजात बाकीच्या पाच तारा किंचित थरथरतात, ते ऐकूही येत नाही. आता डिस्टॉर्शन, म्हणजे रॉकमधला तो खरखरीत, फाटलेला आवाज, लावा. डिस्टॉर्शन मोठे आवाज कापतं आणि बारीक आवाज वर आणतं, त्यामुळे तीच थरथर आता मूळ सुराच्या बरोबरीने घोंगावायला लागते. ती थांबवायला वरच्या बाजूच्या जाड तारांवर, म्हणजे ई, ए आणि डीवर, उजव्या तळव्याची कड टेकलेली लागते. पातळ बी आणि ई तारांवर डाव्या तर्जनीची आतली बाजू अलगद पडलेली लागते. शिवाय जे बोट सूर दाबतं, त्याचं टोक शेजारच्या डी तारेला जरासं टेकतं. इतकं सगळं एका सुरासाठी! तार बदलली की ही सगळी व्यवस्था एक घर सरकते.

म्हणून ट्रायल मिळाली की पहिल्या धड्यापासून सुरुवात करू नका. गिटार कशी धरायची हे सगळेच बरं शिकवतात. थेट सर्चमध्ये जाऊन म्यूटिंगचा, म्हणजे तारा गप्प ठेवण्याचा, धडा शोधा. तो नसेलच, किंवा 'पाम म्यूट' (तळव्याने तारा दाबणं) नावाचा एका रिफपुरता, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यापुरता, धडा असेल आणि दोन्ही हातांनी तारा गप्प ठेवण्याबद्दल कुठेच काही नसेल, तर तो अकूस्टिकचाच कोर्स आहे, फक्त चित्रात इलेक्ट्रिक आहे. असे कोर्स भरपूर आहेत.

दुसरा धडा उघडायचा तो बेंडचा, म्हणजे दाबलेली तार ओढून सूर चढवण्याचा. इथे शिक्षकाची पारख दोन मिनिटांत होते. 'तार वर ढकला, भावना ओता' एवढंच सांगणारा असेल तर पुढे बघायची गरज नाही. चांगला शिक्षक आधी लक्ष्य ऐकवतो. जी तारेवर सातव्या फ्रेटला डी सूर आहे, नवव्याला ई. आधी नववा फ्रेट वाजवून ई कानात बसवायचा, मग सातव्यावरून तार ओढत तिथपर्यंत न्यायची. तो सांगेल की अनामिकेच्या मागे मधलं बोट आणि तर्जनी आधाराला लावा, अंगठा नेकवर वरून येऊ द्या, जोर बोटांचा नाही तर मनगट फिरवण्याचा आहे. आणि तो स्वतः मुद्दाम कमी ओढून दाखवेल, थोडा जास्त ओढून दाखवेल, म्हणजे चूक कशी ऐकू येते हे तुम्हाला कळेल. मला विचाराल तर हीच सगळ्यात मोठी खूण: शिक्षक चुकीचं वाजवून दाखवतो का? व्हिडिओतला माणूस तुम्हाला ऐकू शकत नाही, तेव्हा तुमचा कान तयार करून देणं एवढंच त्याच्या हातात असतं. जो फक्त बरोबर वाजवून 'असं' म्हणतो, तो तेही करत नाही.

(हे आत्ताच करून बघता येईल. बी तारेवर पाचव्या फ्रेटलाही तोच ई आहे. तो आणि जी तारेवरचा सातव्या फ्रेटचा बेंड एकदम वाजवा. सूर जुळत आला की आवाजातली थरथर मंदावत जाते आणि नेमका जुळला की थांबते. यासाठी कोणत्याही कोर्सला पैसे द्यावे लागत नाहीत.)

तिसरी गोष्ट, 'का'चं उत्तर मिळतं का. उदाहरणार्थ, रॉकमध्ये पूर्ण मेजर कॉर्डऐवजी पॉवर कॉर्ड (फक्त मूळ सूर आणि त्याचा पाचवा) का वाजवतात? 'सोपी असते म्हणून' हे अर्धवट उत्तर आहे. ए तार उघडी वाजली की ११० हर्ट्झ, तिचा पाचवा सूर ई साधारण १६५. डिस्टॉर्शनमध्ये दोन सुरांच्या फरकाचाही एक आवाज तयार होतो: इथे ५५ हर्ट्झ, म्हणजे खालचा ए. तो कॉर्डला घट्ट करतो. तिथेच मेजर तिसरा सूर, म्हणजे साधारण १३८.६ हर्ट्झचा सी शार्प घातला, की फरक येतो २८.६, जो कुठल्याच कामाच्या सुरावर नीट बसत नाही, आणि आवाज गढूळ होतो. शिक्षकाने आकडे सांगावेत असं नाही. पण गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) कमी केला की तीच मेजर कॉर्ड सुंदर वाजते, एवढं तरी त्याने वाजवून दाखवायला हवं.

बाकी तपासण्या झटपट होतात. दोन्ही हात एकाच वेळी दिसतात का, की कॅमेरा सारखा शिक्षकाच्या चेहऱ्यावर? धड्यातला छोटा तुकडा लूप करून हळू वाजवता येतो का? टॅब (कोणती तार, कोणता फ्रेट हे आकड्यांत लिहिलेला कागद) उतरवून घेता येतो का, आणि त्यात ताल लिहिलेला असतो की नुसते फ्रेटचे आकडे? नुसते आकडे असतील तर तुम्ही जन्मभर मूळ गाणं ऐकून अंदाज बांधत बसाल. वर्गणी आपोआप नव्याने सुरू होते का, आणि बंद करायचं बटण कुठे आहे, हे पैसे भरण्याआधीच शोधून ठेवा.

नावं विचारलीत म्हणून थोडी सांगतो. फुकटात क्रमवार शिकायचं तर जस्टिन सँडरको यांची जस्टिनगिटार ही साइट अजूनही माझी पहिली शिफारस आहे. मुख्य धडे फुकट आहेत, क्रम नीट लावलेला आहे, माणूस तालावर भर देतो. तुमचं पहिलं वर्ष झालंय, त्यामुळे सुरुवातीचे भाग चाळून पुढे जा. ट्रूफायरवर ब्लूज आणि जॅझचा साठा मोठा आहे आणि व्हिडिओबरोबर टॅब सरकत जातो, पण तिथे काय शिकायचं हे आधी ठरवून जावं लागतं, नाहीतर दुकानात शिरून नुसतं फिरत राहिल्यासारखं होतं. फेंडर प्ले २०१७ मध्ये आलं, गाण्यांमधून शिकवतं, अगदी नवख्यांसाठी बरं आहे. तुम्हाला लवकर अपुरं पडेल. वेगाने पिकिंग करताना हात अडकतो अशी तक्रार पुढे कधी आलीच, तर ट्रॉय ग्रेडी यांचं क्रॅकिंग द कोड बघा. पिक तारेतून नेमकी कशी बाहेर पडते हे त्यांच्याइतकं जवळून फार कमी जणांनी दाखवलंय. आज त्याची गरज नाही.

युझिशियन किंवा रॉकस्मिथसारखी 'ऐकणारी' अ‍ॅप्स वेगळ्या जातीची आहेत. सूर कोणता आणि वेळेवर आला का, एवढं ती तपासतात, आणि रोज गिटार हातात घ्यायला लावतात, हा फायदा छोटा नाही. पण म्यूटिंग, व्हायब्रेटो (सुराला दिलेलं हलकं कंपन), डाव्या अंगठ्यात साठलेला ताण यातलं त्यांना फारसं कळत नाही. गचाळ वाजवूनही भरपूर गुण पडतात. सराव म्हणून वापरा, परीक्षक म्हणून नको.

आता व्हिडिओ कॉलवरचे सर. तुमच्या प्रश्नाला खरं उत्तर इथेच आहे, कारण या तिघांत तुम्हाला ऐकणारे तेवढे तेच आहेत. पण कॉलच्या मर्यादा ओळखून घ्या. दोघांनी एकत्र वाजवणं विसरा. १२० च्या टेम्पोला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा भाग १२५. इंटरनेटवरून जाऊन परत येताना आवाजाला तेवढा उशीर सहज लागतो, म्हणजे सर तालात असले तरी तुम्हाला ते मागे पडलेले ऐकू येणार. म्हणून नीट क्लास घेणारा शिक्षक आळीपाळीने वाजवतो आणि बॅकिंग ट्रॅक तुमच्या बाजूला लावायला सांगतो. दुसरी अडचण, ही कॉलिंग अ‍ॅप्स बोलण्यासाठी बनलेली आहेत. लांबलेला गिटारचा सूर त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो कापतात. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केलं की हे बरंच थांबतं. ज्या सरांना हे ठाऊक नाही, त्यांनी आजवर विद्यार्थ्यांचं सस्टेन, म्हणजे सूर किती लांबतो ते, कधी ऐकलेलंच नाही, असं समजायला हरकत नाही.

पैसे ठरवण्याआधी त्यांना एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवा: एक रिफ, दोन बेंड, उजवा हात स्पष्ट दिसेल असा. आणि विचारा, यात पहिली दुरुस्ती कोणती कराल? 'छान आहे, क्लास सुरू करू' असं उत्तर आलं तर नमस्कार करा. 'बेंड सुराच्या थोडा खाली राहतोय आणि सोडताना डी तार वाजतेय' असं आलं तर माणूस धरून ठेवा, मग त्याचं स्वतःचं वाजवणं इंटरनेटवर कोणी ऐकलेलं असो वा नसो. मी स्वतः थोडंफार शिकवतो, म्हणून सांगतो: उत्तम वाजवणं आणि दुसऱ्याच्या हातातला दोष पकडणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

तुमच्या जागी मी असतो तर रोजच्या क्रमासाठी जस्टिनगिटार किंवा वरच्या तपासणीत टिकलेली एखादी वेबसाइट धरली असती. एकच, दोन नाही. सरांकडे दर आठवड्याला न जाता दोन-तीन आठवड्यांनी एकदा, तोवर साठलेल्या अडचणी आणि रेकॉर्डिंग घेऊन गेलो असतो. दर आठवड्याला गेलं की बऱ्याचदा मागचं पक्कं होण्याआधीच नवं सुरू होतं, आणि सरही बिचारे काहीतरी नवं द्यायला हवं म्हणून देतात.

सामानाचं म्हणाल तर क्लाससाठी फारसं काही नको. अ‍ॅम्पसमोर फोन ठेवून रेकॉर्ड केलं तरी सुरुवातीला पुरतं. यूएसबी इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडायची डबी) घेणार असाल तर त्याला गिटारसाठीचा इन्स्ट्रुमेंट इनपुट आहे ना, हे बघा, नाहीतर आवाज मंद आणि पातळ येईल. अ‍ॅम्पच्या आवाजाचं सॉफ्टवेअर विकत घ्यायची घाई नको, न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर फुकट आहे. आणि इंटरफेसवरून वाजवताना ब्लूटूथ हेडफोन अजिबात नकोत. त्यातला उशीर इतका असतो की तालात वाजवणारा माणूसही बेताल होतो, वायरवालेच घ्या.

राहिल्या परीक्षा. रॉकस्कूल आणि ट्रिनिटी रॉक अँड पॉप या ग्रेडच्या परीक्षा, दोन्हींत आठव्या ग्रेडपर्यंत चढता येतं आणि दोन्हींत व्हिडिओ पाठवून परीक्षा देता येते. तुमचा ध्येयाशिवाय सराव होत नसेल तर नाव घाला, तारीख ठरली की हात चालतो. रॉकस्कूलच्या ग्रेड परीक्षेत गाण्यांबरोबर तांत्रिक व्यायाम आणि कानाची चाचणीही असते, ट्रिनिटीत भर तीन गाण्यांवर. बेंड आणि म्यूटिंग कच्चं असताना मात्र मोठ्या ग्रेडवर उडी मारू नका, खालच्या ग्रेडची गाणी स्वच्छ वाजवा. आणि तो एक मिनिटाचा व्हिडिओ सरांना पाठवाल तेव्हा त्यांचं उत्तर इथेही टाका, बघू काय म्हणतात ते.