आयरिश शकावल्यांचा आयोना बेटाशी काय संबंध?
थेट संबंध आहे: शकावली म्हणजे मठांत वर्षवार लिहिलेल्या घटनांची नोंद, आणि साधारण इ.स. ७४० पर्यंतच्या नोंदींचा गाभा आयोनाच्या मठातच लिहिला गेला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेचा हा मठ कोलंबा या आयरिश संताने ५६३ मध्ये स्थापला. तिथली मूळ वही हरवली, पण अल्स्टरच्या शकावलीत (आयरिश शकावल्यांपैकी एक) तिचा ठसा स्पष्ट दिसतो: मठाधिपतींचे मृत्यू, पिक्ट (स्कॉटलंडमधले प्राचीन लोक) राजांच्या लढाया, आणि ६९१ ची एक नोंद तर विलक्षण जवळची. १६ सप्टेंबरच्या वादळात मठातले सहा जण बुडाले. तारखेसकट इतकं बारीक लिहिणारा माणूस बेटावरचाच असणार. फक्त सन जपून वापरा. या काळात अल्स्टरच्या हस्तलिखितातला आकडा एक वर्षाने मागे आहे (वरचं ६९१ दुरुस्त केलेलं आहे). वायकिंगांनी आयोनाच्या ६८ जणांना मारल्याची नोंद ८०५ खाली सापडते, ती ८०६ धरायची.