वाचकांचे प्रश्न : मे अखेरीस ठाणे खाडीवर

प्रश्न : आम्ही साकोली तालुक्यातील शेतकरी. मुलगा नोकरीनिमित्त ऐरोलीला असतो. धानाचे पऱ्हे टाकण्यापूर्वी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, त्याच्याकडे जाण्याचा बेत आहे. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो तोपर्यंत राहतात का? आणि नागझिऱ्याला जातो तसे भल्या पहाटे निघावे का? (एक वाचक, जि. भंडारा)

उत्तर : पक्षी बहुधा दिसतील, पहाटेचा नियम मात्र खाडीला लागू पडत नाही. नागझिऱ्यात मे महिन्यात पाणवठे आटलेले असतात, त्यामुळे उरलेल्या पाण्यापाशी सकाळ-संध्याकाळ धरून बसले की जनावर येते, ही आपल्याकडची सवय. खाडीत पाणीच दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते आणि पक्ष्यांचा दिनक्रम त्यावर चालतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, त्यावर उतरून चरतात. भरती पुरती चढली की तोच चिखल पाण्याखाली जातो आणि थवे नवी मुंबईतील पाणथळींवर विसाव्याला जातात. उलट ओहोटी पूर्ण झाली तर बोटीला पाणी पुरत नाही. म्हणून भरतीच्या अलीकडचे किंवा पलीकडचे दीड-दोन तास साधावे लागतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटींच्या वेळाही याच हिशेबाने बदलत असल्याने मुलाला आधी चौकशी करून जागा राखून ठेवायला सांगावे.

घरच्या पंचांगावरूनही अंदाज बांधता येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की कोकणपट्टीवर पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते; जुन्या पिढीला पाऊणकी पाठ असल्याने हे तोंडी जमते. द्वादशी शुद्ध असो वा वद्य, बारा पाऊणे नऊ, म्हणजे नऊच्या सुमारास भरती. तेव्हा सात-साडेसातला पाणी चढत असते, चिखल थोडा उरलेला असतो आणि ऊनही सोसण्याजोगे असते. अष्टमीला हीच भरती सकाळी सहाला येते आणि भर दुपारी ओहोटी असते, त्यामुळे तो दिवस मी तरी निवडणार नाही. हा हिशेब अंदाजापुरता आहे. नेमकी वेळ भरतीच्या छापील तक्त्यातच पाहावी.

विदर्भ एक्सप्रेस सकाळी ठाण्याला पोहोचते. पण रात्रभरच्या प्रवासानंतर लगेच बोटीत बसण्याची घाई करू नये. सहल जूनवर मात्र अजिबात ढकलू नये. पाऊस लागला की बोटफेऱ्या थांबतात आणि बहुतेक थवे गुजरातकडे निघून जातात. कच्छच्या रणात पावसाचे पाणी साचल्यावर त्यांची वीण होते.

खाडीचा हा भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आला. येथे रोहिताच्या दोन्ही जाती दिसतात. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी आणि टोकाला काळी असते; लहान रोहिताची चोच गडद, जवळजवळ काळपट लाल असते. दुर्बिणीतून चोचीवर नजर ठेवली तर पक्षी डोके उलटे करून चोच पाण्यात घालतो आणि जिभेच्या हालचालीने पाणी आत-बाहेर करून अन्न गाळून घेतो, हे स्पष्ट दिसते. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो, तर मोठा रोहित बारीक कवचधारी जीव आणि किडेही टिपतो.

हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले तुतारी, पाणटिवळे वगैरे पक्षी तोपर्यंत बहुतांशी परतलेले असतात; मागे राहिलेले थोडे पक्षी बहुधा त्या वर्षी वीण न करणारे असतात. बोटीत जागा मिळाली नाही तरी ओहोटीच्या वेळी कांदळवनाखालचा चिखल निरखावा. तेथे निवटी हा मासा पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून सरकतो. कातडी आणि कल्ले ओले असेपर्यंत त्याला पाण्याबाहेर श्वास घेता येतो. शेजारच्या बिळांपाशी एकच नांगी अवाढव्य वाढलेले नर खेकडे ती नांगी वर-खाली हलवताना दिसतात. मुलांना रोहितांपेक्षा हाच खेळ अधिक आवडतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : गेल्या मे महिन्यात याच खाडीत पाहिलेल्या थव्यात काही पक्षी मळकट राखाडी होते. ते आजारी असावेत का? (एक वाचिका, जि. गोंदिया)

उत्तर : नाही, ती लहान वयाची पिले असतात. गुलाबी रंग जन्मजात नसतो. शेवाळातून आणि त्यावर जगणाऱ्या बारीक जीवांतून मिळणारी, गाजरातल्या रंगद्रव्याच्या जातकुळीची द्रव्ये पिसांत साठत जातात आणि पूर्ण रंग यायला काही वर्षे लागतात. आजारी पक्ष्याची शंका रंगावरून घेऊ नये. थवा उडाल्यावरही जो जागचा हलत नाही किंवा ज्याचा पंख लोंबतो, अशा पक्ष्याबद्दल बोटीवरील मार्गदर्शकाला सांगावे. स्वतः चिखलात उतरू नये, कारण तेथे माणूस कमरेपर्यंत रुतू शकतो.